लढाईवरून शेताची चौकशी

मराठवाड्यातल्या शेंद्र्याला माझ्या आत्याकडे एक पत्र आहे. १९७१ च्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवरून तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, घरी पाठवलेलं. आजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले. नदीवर पूल टाकायचे, सुरुंग काढायचे, गाड्यांना रस्ता करून द्यायचा, हे त्यांचं काम. लढाई संपल्यावर ते करमाड स्टेशनावर उतरून घरी आले, पुढं पेन्शन घेऊन शेती केली आणि म्हातारपणी आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेले. तेव्हा हे कुणा शहिदाचं अखेरचं पत्र नाही. ते कुठं असावं यावरून मात्र आत्याचं आणि माझं बरीच वर्षं वाजत आलं आहे. मी म्हणतो, ते पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाच्या इतिहास संग्रहालयाला द्यावं. ती म्हणते, ते तिच्या पेटीतच राहील. मी इतिहास शिकवतो, ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, आणि तिच्या बाजूला उत्तर देताना मला दर वेळी नव्यानं विचार करावा लागला आहे. म्हणून तो वाद इथं मांडतो आहे.

मी : आत्या, पत्राच्या घड्या चिरल्यात. एका घडीवर तू चिकटपट्टी लावलीस, ती आता तपकिरी पडलीय. आणखी काही उन्हाळे त्या पत्र्याच्या पेटीत गेले तर वाचायला काही उरणार नाही.

आत्या : मंग त्याला प्लास्टिक चढवून आण की. चौकात करून देतात, लॅमिनेशन का काय ते.

मी : ते तर मुळीच नको.

(ज्यांच्या घरी असं काही जुनं पत्र असेल त्यांना कळकळीनं सांगतो : लॅमिनेशन करू नका. कागद गरम रोलरमधून जातो, प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या अंगात उतरतो आणि तो परत काढता येत नाही. कागदातलं आम्ल आतच कोंडून राहतं. चिकटपट्टीही नको. पत्र हलक्या हातानं उलगडून आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावं, ऊन, ओल, कसर आणि वाळवी यांपासून लांब. फोटो काढायचा तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता.)

आत्या : फोटो काढायचा तर काढ. पण फोटो म्हणजे पत्र नव्हं.

मी : दुसऱ्या महायुद्धात कित्येकांच्या घरी फोटोच यायचा. १९४१ साली एअरग्राफ नावाची सोय निघाली. शिपायानं ठरावीक फॉर्मवर लिहायचं, त्याचा फिल्मवर बारीक फोटो घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि पोचल्यावर मोठा करून, कागदावर छापून घरोघर वाटायचा. विमानात वजन वाचायचं. मूळ कागद मागं राहायचा आणि मग नष्ट व्हायचा. लोकांनी ते फोटोसुद्धा जिवापाड जपले.

आत्या : जपले आसतील. त्यांच्याकडं दुसरं काय होतं? माझ्याकडं कागद आहे. आन् कागदावर सगळं दादाच्या, माझ्या बापाच्या, हातचं नाही, म्हणून तर मला तो जास्तीच लागतो. अक्षर सातारकडच्या कुण्या जोडीदाराचं आहे. वळणदार, मोत्यावाणी. दादा चौथीपातूर शिकलेले, त्यांना लिहायचा कंटाळा. शेवटच्या चार ओळी तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या. तिथं पेन दाबून लिहिलंय, कागदाच्या मागच्या अंगाला बोट लावलं की कळतं. तुझ्या फोटोत ते कळंल का?

कळणार नाही. मूळ कागद जपायला हवा या मुद्द्यावर आमच्यात मतभेदच नाही. तो कुणी जपायचा एवढाच प्रश्न आहे.

पत्रात काय आहे, ते तिनं मला दाखवलं तेवढं सांगतो. वर पत्ता ९९ एपीओचा. पूर्वेकडच्या पलटणींचं टपाल त्या नंबरानं चाले, त्यामुळं शिपाई कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर आहे हे पत्त्यावरून कुणालाच कळत नसे. तारीख ११ डिसेंबर. युद्ध ३ तारखेला सुरू झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. म्हणजे पत्र ऐन लढाईतलं आहे. आणि त्यात लढाई नाही. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर मिळतं, थंडी आहे, एवढ्यावर आजोबांनी युद्ध आवरलं आहे. बाकी सगळं पत्र शेंद्र्याबद्दल. शाळू हुरड्यात आला का. विहिरीला पाणी किती हात आहे. पांढऱ्या बैलाचा खुर बरा झाला का, नसला तर त्याला मोटेला जुंपू नये. कडबा आताच घेऊन ठेवावा, नंतर महाग होईल. मग एकाच ठिकाणी आजोबा स्वतः जिथं होते तिथलं लिहितात : इकडं जिकडं बघावं तिकडं पाणी आहे, आणि ते वाहून चाललेलं बघून आपल्या विहिरीची आठवण येते.

कडब्याची सूचना वाचताना मी दर वेळी थबकतो. १९७१ चा पाऊस आमच्याकडं तुटकाच होता आणि १९७२ साली महाराष्ट्रावर जो दुष्काळ आला तो आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ‘बहात्तरचा’ एवढ्याच नावानं येतो. पुढच्याच वर्षी आजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली आणि घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी झाल्या. नद्यांच्या मुलखात पूल टाकत असलेला माणूस, इतक्या दुरून, येणाऱ्या टंचाईची काळजी करत होता.

मी : त्याच आठवड्यातलं दुसरं एक पत्र सगळ्या युद्धेतिहासांत आहे. जमालपूरला आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, वेढा घालून बसली होती. ब्रिगेडिअर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याबद्दल पत्र लिहिलं. ते घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा एक माणूस. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीसकट. तिथं घनघोर लढाई झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. ज्या दिवशी आजोबांनी हे पत्र लिहिलं, त्याच दिवशी. ते गोळीचं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. हुरड्याचं कुणाला ठाऊक नाही.

आत्या : मंग? कुणाला कशाला पाह्यजे ठाऊक?

मी : कारण लढाईत किती तोफा होत्या ते कुठंही मिळतं. लढाईतला माणूस कशाच्या काळजीत होता, ते फक्त यात मिळतं.

आत्या : ती काळजी मायच्या नावानं पाठवली होती. तुझ्या नाही, माझ्यासुद्धा नाही. पत्त्यावर मायचं नाव आहे.

इथं मी तिला पहिल्या महायुद्धातल्या पत्रांची गोष्ट सांगितली. ती सांगताना मला वाटलं होतं की हा माझा हुकमी मुद्दा आहे.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीला हिंदी फौज फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरली. खडकीच्याच सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबरला न्यू शापेलच्या हल्ल्यात पायदळाच्या बरोबरीनं उडी घेतली आणि फार माणसं गमावली. या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला इंग्रजांनी एक खास कचेरी उघडली. कॅप्टन एव्हलिन हॉवेल हे तिचे प्रमुख, आणि पुढं ती बूलोन्यला होती. उर्दू, हिंदी, गुरुमुखी, मराठी अशी नाना भाषांतली पत्रं तिथं उघडली जात, वाचली जात, निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा होई आणि त्याचे अहवाल वरिष्ठांकडे जात. हिंदुस्थानातून शिपायांना येणारी पत्रंसुद्धा तपासली जात. शिपायांना हे कळलं होतं. काळी मिरची आणि लाल मिरची अशा नावांनी ते हिंदी आणि गोऱ्या पलटणींबद्दल लिहीत. काळी मिरची संपत आली म्हणजे आपली माणसं संपत आली. पानिपताची बातमी सावकारी पत्रातून मोती-मोहरांच्या भाषेत आली होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत टिकले. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतल्या शेकडो पत्रांचं पुस्तक केलं, आणि खंदकातला हिंदी शिपाई काय बोलत होता हे जगाला प्रथमच भरघोसपणे वाचायला मिळालं.

आत्या : म्हणजे दुसऱ्याची पत्रं फोडून वाचली, ती जपली गेली.

मी : हो.

आत्या : आन् ज्यांच्या घरी ती पोचली, त्यांची?

मी : बहुतेक गेली. म्हणून तर म्हणतो. मराठीत लिहिलेलं वाक्य आज इंग्रजीतच उरलंय. त्या शिपायानं आईला नेमकं काय म्हटलं, कुठला शब्द वापरला, ते कुणालाच कधी कळणार नाही. घरच्यांनी कागद कुठं तरी नीट सोपवला असता तर कळलं असतं.

आत्या : गेली म्हणू नको. त्या बायांनी ती वाचून घेतली, पुन्हा पुन्हा वाचून घेतली, कमरेला खोचून फिरल्या, आन् घामानं, पावसानं कागदाचा भुगा झाला. कागद ज्या कामाला आला होता ते काम झालं त्याचं. तुझ्या त्या कचेरीतल्या सायबानं वाचलं ते त्याच्या कामासाठी. त्याला ह्यांच्या जिवाशी काय देणं होतं?

मला यावर आजही पूर्ण उत्तर नाही. आज आपण शिपायाचा आवाज म्हणून जे वाचतो ते पाळतीच्या दप्तरातून आलेलं आहे, आणि ती पाळत नसती तर तो आवाजही नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी तरीही म्हणेन की त्या अहवालांनी उपकार केले. आत्याला उपकार हा शब्द मान्य नाही.

मी : पण आपल्या पत्रात एवढं खासगी तरी काय राहिलं? तूच सांगतेस, आलं तेव्हा मारुतीच्या पारावर मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. निम्मं गाव ऐकायला होतं.

आत्या : होतं. लढाई सरून गेली होती, रेडिओवर कळलं होतं, पण दादाचा पत्ता नव्हता. म्हणून सगळे जमले. मास्तर वाचत गेले. विहिरीचं वाचलं, बैलाचं वाचलं. मंग त्या शेवटल्या चार ओळींपाशी आले आन् थांबले. पत्र मिटलं. म्हणाले, सगळ्यांना रामराम लिहिलाय. माय उंबऱ्याशी उभी होती, तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या ध्यानात आलं. सांजच्याला मास्तरीणबाई घरी आल्या आन् तेवढं त्यांनी मायला एकटीला वाचून दाखवलं. मास्तरांनी ते कधी कुणापाशी काढलं नाही, मरस्तोवर नाही. तू मला त्या फ्रान्सच्या सायबाची गोष्ट सांगतोस. मी तुला आमच्या मास्तरांची सांगते.

मास्तरांच्या या थांबण्याला मी मनापासून मान देतो. निरक्षर बायकांच्या घरी येणारी पत्रं वाचून दाखवणारे किती तरी मास्तर, पोस्टमन, शिकलेली पोरं महाराष्ट्रात होऊन गेली. कुणाचं काय मोठ्यानं वाचायचं आणि काय गिळायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. टपालखात्याच्या इतिहासात त्यांच्यावर एक प्रकरण हवं. त्या चार ओळी मी अजून वाचलेल्या नाहीत. पत्र दाखवताना आत्या खालचा भाग दुमडून, वर अंगठा ठेवून धरते.

मी : आजीनं उत्तर पाठवलं असेल ना?

आत्या : पाठवलं तर. माय सांगायची, मास्तर लिहायचे. पोस्टात गेल्यावर पाच पैशाचं जास्तीचं तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांसाठीचं. त्याच्यावरून मायनं किरकिर केलेली मला आठवती. मंग मास्तर म्हणले, हे पैसे तिकडच्याच लोकांना जातात, जिथं तुझा नवरा आहे. तवापासून गप लावायची.

(हे तिकीट १५ नोव्हेंबर १९७१ पासून लागू झालं होतं. बांगलादेशातून आलेल्या लाखो निर्वासितांच्या खर्चासाठी टपालावर बसवलेला तो अधिभार होता.)

मी : ती उत्तरं कुठं आहेत?

आत्या : कुठं आसणार? दादा म्हणायचे, तिकडं सगळं भिजायचं. खिशात ठेवलेलं राहायचं नाही.

मी : मग बघ. आजोबांनी विचारलेले सगळे प्रश्न आपल्यापाशी आहेत, आजीचं एकही उत्तर नाही. खुर बरा झाला का? शाळू आला का? तिनं काय सांगितलं? चार लेकरं, म्हातारी सासू आणि आटत चाललेली विहीर घेऊन ती त्या हिवाळ्यात काय म्हणत होती? फ्रान्समधल्या त्या दप्तरात निदान घरून गेलेल्या पत्रांचेही तुकडे आहेत, बायकांचेसुद्धा. माझ्या स्वतःच्या आजीचा एक शब्द माझ्याकडे नाही.

आत्या बराच वेळ गप्प राहिली. हा मुद्दा तिला लागला होता, आणि मला तो तिला लागावा असंच वाटत होतं. युद्धपत्र म्हटलं की आपण आघाडीवरून घरी आलेलं पत्र समजतो. घरून आघाडीवर गेलेली पत्रं जवळजवळ सगळीच बुडाली, कारण शिपायाच्या पाठीवरच्या ओझ्यात त्यांना जागा नव्हती. म्हणून लढणाऱ्या माणसाचं प्रेम कागदावर उरतं आणि घर चालवणाऱ्या बाईची काटकसर, तिचा राग, तिची भीती उरत नाही. वारस म्हणून आपण जे जपतो ते नेहमीच निम्मं असतं.

आत्या : मायचं मला ठाऊक आहे. ती कागदावर नाही, पण मला ठाऊक आहे.

मी : तुझ्यानंतर?

आत्या : थांब. आधी मी हे का जपते ते तू कधी विचारलं नाहीस. तू समजतोस, बापाची आठवण म्हणून. आठवण पत्रानं येती व्हय? दादा घरी आले तव्हा मी सात वर्षांची. पुढची सगळी वर्षं मी त्यांना बघितलं. ते बोलायचेच नाहीत. शेतात जायचे, यायचे, जेवायचे. माझ्या लग्नात सुद्धा मला जवळ घेतलं नाही, लांब खांबापाशी उभे राहिले. वाईट नव्हते रे. त्यांना जमत नव्हतं. मायला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आन् ह्या पत्रात ते विचारतात, धाकटीच्या कानाचं दुखणं गेलं का. धाकटी म्हणजे मी. माझा कान फुटला होता, ते त्यांना तिकडं आठवत होतं. खाली चार ओळींत आणखी काही आहे, ते राहू दे. घरी आले तव्हा त्यांनी माझ्या कानाचं एकदाही विचारलं नाही. मंग माझा बोलणारा बाप कुठं आहे? ह्या कागदात आहे. दुसरीकडं नाही.

मी : त्यांना माहीत होतं का, तू पत्र ठेवलंयस ते?

आत्या : एकदा बघितलं पेटीत. म्हणाले, ही रद्दी कशाला ठेवलीस? मी म्हणलं, आसू द्या. परत काही बोलले नाहीत. पण फाडून टाक आसंही म्हणले नाहीत.

दूर गेल्यावर, आणि उद्याचा भरवसा नसताना, मराठी बापाच्या तोंडून जे निघतं ते ओसरीवर बसून निघत नाही. कारगिलमध्ये १९९९ साली कॅप्टन विजयंत थापर यांनी हल्ल्यावर जाण्याआधी आईवडिलांसाठी लिहिलेलं पत्र देशभर छापलं गेलं. ते परतले नाहीत. परतलेल्यांनी त्याच रात्री लिहिलेली पत्रं कुणी मागितली नाहीत, आणि परतलेला माणूस स्वतःच त्याला रद्दी म्हणतो. आत्यानं जे ठेवलं ते या रद्दीतून काढलेलं आहे. म्हणूनच मी त्याच्या मागं लागलो आहे.

मी : राजवाड्यांचं नाव तू ऐकलंयस. इतिहासाचार्य राजवाडे. गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा केली. कुठं वाळवी लागलेली, कुठं वाण्याकडं पुड्या बांधायला गेलेली. १८९८ मध्ये त्यांनी साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांतली पत्रं आहेत. ती छापली नसती तर पानिपताबद्दल आपण काय बोललो असतो?

आत्या : त्यात शिपायानं बायकोला लिहिलेलं आहे का?

मी : सरदारांची, वकिलांची, कारकुनांची आहेत. शिपायानं घरी लिहिलेलं पानिपतावरचं पत्र मला वाचायला मिळालेलं नाही.

आत्या : मंग त्या माणसाला मी हे दिलं असतं तर त्यानं घेतलं असतं का? बैलाच्या खुराचं?

मी : त्यानं घेतलं असतं, असं मला वाटतं. आज तर नक्की घेतील. आणि मराठवाड्याचं तर मुद्दाम घ्यायला हवं. साताऱ्याच्या अपशिंग्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आपल्याकडं फौजी परंपराच नाही, असं लोक सरसकट बोलतात. जालना, हिंगोली, अंबाजोगाई, औरंगाबाद इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. आजची कुमाऊं रेजिमेंट त्या फौजेतून आली, १९४५ पर्यंत तिच्या नावात हैदराबाद होतं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातला एक स्वार हैदराबाद लान्सर्सचा आहे. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिल्यावर मराठवाड्यातल्या किती घरांतली पोरं तिच्यात गेली! त्यांची पत्रं कुठं आहेत? तुझ्यासारख्यांच्या पेट्यांत आहेत, नाही तर नाहीतच.

आत्या : मंग त्या सगळ्यांना आधी विचार, चार ओळी झाकायच्या का म्हणून.

मग बोलणं शेतावर गेलं, आणि वादाला निराळं वळण लागलं. पत्रात आजोबांनी शेताचे तुकडे नावांनी विचारले आहेत : विहिरीचं, बरडाचं, चोपणातलं, चिंचेचं. हे शेत आता शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जिथं तयार होऊ लागल्या त्या भागाच्या आसपास, आणि आता त्याच्याही पलीकडं ऑरिक या औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते झालेत. विहीर बुजली. चिंच नाही. सातबाऱ्यावर गट नंबर होता, नावं तिथंही नव्हती. शेंद्रा आणि कुंभेफळच्या दरम्यान बरड कुठं सुरू व्हायचा आणि चोपण कुठं, हे सांगणारी माणसं आता थोडी आहेत.

आत्या : शेताची नावं लिहून घे. ती कुणाची खासगी नाहीत. बरडाला बरड का म्हणायचे, चोपणात काय उगवायचं नाही, मोट कोणत्या अंगाला होती, सगळं सांगते. पांढऱ्या बैलाचं पण सांगते, तो पुढं बहात्तरला विकला. पत्रातलं तेवढं उतरवून घे आन् त्याच्याखाली मी सांगते ते लिही. ते दे तुझ्या संग्रहालयाला.

तेवढं मी लगेच मान्य केलं आणि त्याच दुपारी लिहायला बसलो. तिनं सांगितलेलं पत्राच्या तिप्पट झालं. आजोबांच्या प्रत्येक प्रश्नाखाली आता आत्याचं उत्तर आहे, आणि त्या उत्तरांत पुष्कळ ठिकाणी आजी बोलते : कडबा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तिनं पाटल्या मोडल्या आणि आजोबांना पत्रात ते कळवलं नाही. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. युद्धकाळातल्या पत्रांचा संग्रह करणाऱ्यांनी पत्र नुसतं घेऊन जाऊ नये, ते जपणाऱ्या माणसाला बसवून घ्यावं आणि ओळीओळीवर विचारावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

पण मूळ कागदाचा हट्ट मी सोडलेला नाही.

मी : एक मार्ग आहे. पत्र सगळं द्यायचं, पण बंद पाकिटात. पन्नास वर्षं उघडायचं नाही, अशी अट लिहून देता येते. अभिलेखागारात अशी कागदपत्रं असतात. तोवर तू नसशील, मी नसेन. कुणाला लाज वाटायचं कारण उरणार नाही.

आत्या : पन्नास वर्षांनी जो पाकीट फोडंल, तो माझ्या मायचा कोण?

मी : कुणीच नाही. म्हणूनच तो नीट वाचेल. आपल्याला त्यात बाप दिसतो, आजोबा दिसतो. त्याला एक माणूस दिसेल, जो लढाईत असताना बायकोला काही सांगायला स्वतः पेन हातात घेतो.

आत्या : हे तू बरोबर बोललास. पण त्यांनी पेन घेतलं ते जोडीदाराला कळू नये म्हणून. शेजारी बसून जो पत्र लिहीत होता त्याच्यापासून झाकलं, पारावर मास्तरांनी झाकलं, मायनं जन्मभर झाकलं. आन् मी देऊन टाकू?

मी : मग तुझ्यानंतर काय?

आत्या : माझ्यामागं ते लेकीचं. तिला माय आठवती, आन् ती शिकलेली पण आहे. तिला विचार.

मी : विचारणार आहे. आणि तिला माझं पटेल असं मला वाटतं.

आत्या : पटू दे की. पण ती आधी ते सगळं वाचंल, खालच्या चार ओळींसकट, आन् मंग ठरवील. तू न वाचताच मागतोस.